जुने ऑनलाइन लेखन पुसून टाकावे का?

अर्धविराम (धागाकर्ता):
गेल्या महिन्यात मी एका संकेतस्थळावरील माझ्या २००८ ते २०१३ या काळातील लेखनाची प्रत उतरवून घेतली आणि सलग दोन रात्री वाचत बसलो. एके ठिकाणी एका नवख्या सदस्याला शुद्धलेखनावरून मी इतके टोचून बोललो होतो की त्याने पुन्हा तिथे काही लिहिले नाही. गंमत अशी की माझ्या त्याच परिच्छेदात दोन चुका होत्या. हा माणूस आज मी नाही, परंतु माझे नाव शोधणाऱ्याला आधी तोच भेटतो. पूर्वी पत्रे जाळता येत असत, वही फाडता येत असे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी गूगलविरुद्धच्या खटल्यात जुन्या, गैरलागू झालेल्या माहितीचे दुवे नावाच्या शोधातून काढून घेण्याचा हक्क मान्य केला, तो याच जाणिवेतून. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दर काही वर्षांनी आपले जुने लेखन आपणच पुसावे.

बोरू:
असहमत. ज्या निकालाचा आपण दाखला दिला, तो नीट पाहावा. १९९८ साली एका स्पॅनिश वृत्तपत्रात छापून आलेल्या लिलावाच्या सूचनेचा तो वाद होता. न्यायालयाने शोधयंत्राला दुवा काढायला लावला, पण वृत्तपत्राच्या संग्रहातील मूळ मजकूर तसाच राहिला. म्हणजे सापडणे आणि असणे या दोन गोष्टी तिथेही वेगळ्याच धरल्या गेल्या, आणि आपण मात्र असणेच मिटवायला निघाला आहात.

दुसरे असे की चर्चा ही एकट्याची मालमत्ता नसते. आपण प्रतिसाद पुसता तेव्हा तिथे ‘हा प्रतिसाद काढून टाकला आहे’ एवढी ओळ उरते आणि तिच्याखाली लोक हवेशी भांडताना दिसतात. त्या नवख्या सदस्याची बाजू घेऊन कोणी दोन शब्द लिहिले असतील, तर तेही निरर्थक होतात. आपली लाज झाकली जाते, त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा मात्र जातो.

पुसण्याचे काम तसेही कंपन्या आपल्याला न विचारता करतात. वैयक्तिक संकेतपाने ठेवण्याची सोय देणारे जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ऑर्कुटवर मित्रांनी आपल्याविषयी हौसेने लिहिलेली टेस्टिमोनियल्स ज्यांनी वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांना विचारून पाहा.

टोपणनाव:
दोघेही सदैव एकाच नावाने लिहिता, म्हणून हा पेच पडला आहे. मी आजवर तीन नावांनी लिहिले आणि प्रत्येक नाव त्याचे वय झाल्यावर सोडून दिले. पुसले काहीच नाही, पण ओझेही वाहिले नाही.

बोरू:
टोपणनाव, सोय चांगली आहे, परंतु त्याच आडोशाने माणसे बेलगामही होतात, हे आपणास ठाऊक असेलच.

किल्ली:
तत्त्वचर्चेत एक व्यावहारिक बाब राहून जाते. जुने ईमेल खाते बंद करण्याआधी ते आणखी किती खात्यांच्या पासवर्ड पुनर्प्राप्तीला जोडलेले आहे, हे तपासावे. मी न तपासता एक खाते मोडीत काढले. पुढे दुसऱ्या एका खात्याचा पासवर्ड विसरले, तेव्हा पडताळणीचा कोड त्याच मेलेल्या पत्त्यावर जात राहिला. शिवाय काहीच न करणे हाही आता निर्णयच ठरतो, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

अर्धविराम:
बोरू, पुराव्याचा मुद्दा मला लागला, हे मान्य करतो. मात्र इतरांच्या संभाषणाची साखळी तुटू नये म्हणून मी आयुष्यभर माझ्या पंचविशीतील उद्धटपणाला जामीन राहावे, हे पटत नाही. तूर्त एवढेच केले आहे: ज्यांच्याखाली कोणी उत्तर दिलेले नाही असे माझे प्रतिसाद पुसले, बाकीचे ठेवले. त्या सदस्याला व्यक्तिगत संदेश पाठवून क्षमा मागितली. त्याचे खाते शेवटचे २०११ मध्ये वापरले गेल्याचे तिथे दिसते.

बोरू:
मग तो प्रतिसाद ठेवाच, आणि क्षमा त्याच्याच खाली, सर्वांना दिसेल अशी लिहा. व्यक्तिगत संदेश तो उघडेल असे वाटत नाही.