वाईट कॉलनंतर सगळ्या टीमला गोलात बसवून बोलायला लावणं: सक्ती हवी का?

रात्रपाळी: रुग्णवाहिकेवर ११ वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका अपघातात लहान मूल आमच्या हातातच गेलं. गाडी धुतली, फॉर्म भरले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुर्च्या गोल मांडून बसवलं: काय पाहिलंत, काय वाटलं, एकेकाने सांगा. आमचा नवा ड्रायव्हर पोरगा त्या दिवशी पुढे होता, त्याने मागचं काही पाहिलंच नव्हतं. आमच्या तोंडून त्याला सगळं दिसलं. तेव्हापासून त्याची झोप उडालीय. माझं स्पष्ट मत, ही सक्ती बंद करा. ज्याला बोलायचंय तो बोलेल.

शिडीवाला: कुठे बोलतो हो तो? आगीच्या गाडीवर होतो मी. "मला त्रास होतोय" असं आमच्यात कुणी म्हणत नाही, पुढच्या कॉलला मागे ठेवतील ही धास्ती. मी दोन वर्षं गप्प बसलो. घरात इस्त्रीखाली कापड जरा करपलं की मी उठून गच्चीवर जायचो, आणि ते बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. सक्ती असती तर निदान त्या खुर्चीवर बसलो तरी असतो. तुमच्या पोराचं वाईट वाटतं, पण ती चूक बैठक घेणाऱ्याची.

अर्धवट_अभ्यासू: गोलात बसायची ही पद्धत १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी मांडली, ते स्वतः आग विझवणाऱ्यांतले. हेतू चांगलाच होता. पण पुढे चाचण्या झाल्या तेव्हा एकाच बैठकीने पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, टळतो असं काही दिसलं नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत १३ महिन्यांनी, बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००५ मध्ये अशा बैठका सरसकट घेऊ नका असंच सांगितलं.

शिडीवाला: भाजलेला माणूस आणि त्याला बाहेर काढणारा, दोघांना एकाच तराजूत घालताय. तो खाटेवर एकटा असतो. आमची टीम असते, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच भोंगा.

अर्धवट_अभ्यासू: हे मान्य. शिवाय त्या चाचणीत बोलतं केलेल्या गटातले लोक मुळातच जास्त भाजलेले होते, हेही सांगायला हवं. तरी "नुकसान तर होणार नाही ना" म्हणून सगळ्यांना बसवणं मला पटत नाही. पहिल्या काही दिवसांत झोप जाणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही टिकलं तर ते पीटीएसडी असू शकतं, मग नीट उपचार हवेत. ब्रिटनच्या रॉयल मरिन्स या सैनिकी दलाने ट्रिम नावाची पद्धत काढली: शिकवून तयार केलेला सहकारीच काही दिवसांनी बोलतो आणि महिन्याने पुन्हा विचारतो. ते दुसऱ्यांदा विचारणंच आपण विसरतो.

हेडफोन: आम्हाला तर गोलातसुद्धा कुणी बोलावत नाही. मी कॉल घेते. "गाडी निघालीय, छाती दाबत राहा" म्हणत मोजत राहायचं. पलीकडे दार वाजतं, तुमची माणसं आत येतात आणि फोन कट. वाचला का गेला, कधीच कळत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या अमेरिकन पुस्तकात, कामामुळे भीषण तपशील वारंवार समोर येणं हेही आघातात धरलंय. आमच्या ऑफिसात मात्र "तू तर फक्त ऐकलंस".

रात्रपाळी: हेडफोनताई, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी गाडीवरून उलटा फोन करून सांगेन.

सक्ती नको, यावर मी अजून ठाम आहे. पण "ज्याला बोलायचंय तो बोलेल" हे मागे घेतो. काल त्या पोराबरोबर शिफ्टच्या सुरुवातीला सामान मोजत होतो. मास्क, बँडेज, सिलिंडर. मध्येच म्हणाला, "त्या दिवशी मी मुद्दामच आरशात बघितलं नाही." मी म्हटलं, "बरं केलंस." मग दोघांनी सिलिंडर परत मोजले, आकडा चुकला होता.