जिप्सी ४१०ला पाच गिअरचा बॉक्स बसवावा का? सल्ला हवाय

कासवाला:
मंडळी, घरात १९९१ची जिप्सी एमजी ४१० आहे. ९७० सीसी पेट्रोल, चार गिअर. पत्र्याचं काम नुकतंच झालंय, इंजिन ठणठणीत. साताऱ्याहून कास-बामणोलीला मजेत जाते, पण हायवेला ८० गाठलं की नुसती बोंबलते. जिप्सी किंगचा, म्हणजे नंतरच्या १३०० सीसी मॉडेलचा, पाच गिअरचा बॉक्स टाकायचा विचार आहे. कुणी केलंय का? मेस्त्री म्हणतो "होऊन जाईल साहेब", आणि तेच ऐकून धाकधूक वाटतेय.

घाटातला फिटर:
आधी हिशेब, मग पाना. तुमचा चौथा गिअर १ला १, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला बॉक्सचं मागचं टोकही एकदाच फिरतं. किंगचा चौथाही तेवढाच, पाचवा ०.७९५. म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण वीस टक्क्यांनी उतरणार. कंपनीच्या मापाचे टायर असतील तर ८०ला आत्ता इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल, ते ३१००वर येईल. कानाला फरक चांगलाच जाणवतो. पण इंजिन आहे ४५ हॉर्सपॉवरचं. समोरून वारा आला किंवा खंबाटकी लागली की मुकाट्याने चौथ्यात यावं लागणार. पाचवा गिअर आवाज कमी करायला आहे, वेग वाढवायला नाही. हे मान्य असेल तरच पुढे जा.

दुसरा फायदा कुणी सांगत नाही. तुमचा पहिला गिअर ३.१६, किंगचा ३.६५; आकडा मोठा तितकी गाडी हळू, पण ओढ जास्त. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मात्र स्वतःचीच ठेवा! ४१०ची लो (चढ-चिखलासाठीची हळू रेंज) २.५१ आहे, किंगची २.२७. जुनी केस आणि नवा बॉक्स अशी जोडी जमली की लो-फर्स्टमध्ये गाडी आत्तापेक्षा हळू आणि जास्त जोरात चढेल. बामणोलीकडच्या चिखलात क्लच जाळायची वेळ येणार नाही. किंगचा अख्खा सेट स्वस्तात मिळतोय म्हणून केसही बदलणारे भेटतात, त्यांचं मला नवल वाटतं.

कासवाला:
हे डोक्यातच नव्हतं. थेट बसतो का पण?

घाटातला फिटर:
बसतो असं धरून चालू नका. किंगचा बॉक्स १३०० इंजिनासाठी आहे. दोन्ही बॉक्स शेजारी-शेजारी ठेवून चार गोष्टी ताडून बघा: बेल हाउसिंगची (बॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाची) भोकं, इनपुट शाफ्टचे (इंजिनाकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे) दाते क्लच प्लेटमध्ये जातात का, शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये बसतं का, आणि मागच्या माउंटिंगची जागा. अ‍ॅडॉप्टर प्लेट करायची वेळ आलीच तर लेथवाला नीट बघा. सेंटर जरा जरी चुकलं तरी इनपुट बेअरिंग किरकिरायला लागतं आणि क्लच नीट सुटत नाही.

जिप्सीत एक सुख आहे. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मध्ये छोटा प्रॉपेलर शाफ्ट आहे. बॉक्सची लांबी वेगळी निघाली तर तेवढा शाफ्ट कमी-जास्त करून बॅलन्स करून घ्यायचा. पुढचा-मागचा लांब शाफ्ट जसाच्या तसा राहतो. स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफर केसवरून निघते, त्यामुळे काटा खोटं बोलणार नाही. शाफ्ट काढलाच आहे तर क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि केसची तिन्ही माउंटिंग रबरं बदला. फाटकी रबरं ठेवून थरथर आली की सगळे नव्या बॉक्सला शिव्या घालतात.

पेट्रोलपाणी:
माझं मत उलटं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा किंगचं इंजिन आणि बॉक्स एकत्रच उचला. पाचव्या गिअरला ओढायला दम तरी हवा की नको?

आरसीबुक:
दम येईल, कागदही येतील. आरसीवर चासी आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली आरटीओकडे जाऊन नोंद करावी लागते. १९९१ची गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावीच लागते. तिथे नंबर जुळला नाही तर परत पाठवतील. विकत घेतलेल्या सेकंडहँड इंजिनाचं बिल आणि ते कुठल्या गाडीतून आलं त्याचे कागद नसतील तर त्या वाटेला जाऊच नका.

कासवाला:
इंजिन तेच राहणार, वडिलांनी घेतलेली गाडी आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर बॉक्स बघायला जातोय. काय तपासू?

घाटातला फिटर:
गाडीतून उतरवायच्या आधी चालवून बघायला मिळाला तर सोनं. नाही मिळाला तर ऑइल स्वच्छ फडक्यावर काढा. पितळेची बारीक चमक म्हणजे सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी रिंगा) झिजल्यात, त्या बदलता येतात. लोखंडाचा कण हाताला लागला तर बॉक्स तिथेच ठेवा. मग इनपुट शाफ्ट हाताने फिरवत एकेक गिअर टाका. चौथ्यात दोन्ही टोकं सारखीच फिरली पाहिजेत, पाचव्यात मागचं टोक पुढे पळायला हवं. ते पळत नसेल तर तुम्हाला चारचाच बॉक्स विकतायत. आउटपुट शाफ्ट वर-खाली हलवून खेळ बघा. बसवताना क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीनच. गिअर ऑइल जीएल-४ ग्रेडचं भरा, दुकानदार जीएल-५ पुढे करेल तर नको म्हणा, काही जीएल-५ ऑइलं पितळेला खातात.

कासवाला:
जुना चारचा बॉक्स विकून टाकू का?

घाटातला फिटर:
अजिबात नको. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाका.