लग्नाचा जामीनकतबा : 1795 च्या एका कागदाविषयी शंका

प्रश्न
माझी सून मूळची अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याची आहे. नातवासाठी तिच्या माहेरची वंशावळ जुळवताना आम्हा दोघींच्या हाती तेथील रोवान काउंटीतला 1795 चा एक कागद लागला. नवरदेव आणि आणखी एक गृहस्थ या दोघांनी मिळून, आपण राज्याच्या गव्हर्नरांचे 500 पौंड देणे लागतो, असे त्यात लिहून दिले आहे. नवरदेवाला लिहिता येत नसावे, कारण त्याच्या नावाच्या मध्यभागी सहीऐवजी नुसती फुली आहे. अशा माणसाने एवढी रक्कम कोठून आणली असेल? हा हुंड्याचा प्रकार होता का? आणि कागदावरची तारीख लग्नाची धरावी का?

प्रतिसाद 1
ताई, हा हुंडा नव्हे, आणि ती रक्कम त्या दिवशी कोणी मोजलीही नसणार. आपल्या जुन्या दप्तरांत जामीनकतबे, म्हणजे जामीन राहिल्याच्या लेखी कबुल्या, सापडतात, त्याच जातीचा हा कागद आहे. 1741 च्या कायद्यापासून 1868 पर्यंत त्या राज्यात परवाना काढून लग्न करायचे असेल, तर वराला एका जामीनदारासह काउंटी न्यायालयाच्या कारकुनाकडे असा कतबा लिहून द्यावा लागे. या विवाहाला कायद्याची आडकाठी नाही, एवढीच त्यातली हमी असे. वराची पहिली बायको हयात आहे, असे काही पुढे उघडकीस आले तरच रक्कम देय होई.
तारखेबाबत मात्र सावध राहावे. कतबा झाला म्हणजे लग्न लागलेच, असे सिद्ध होत नाही. लावलेल्या लग्नांची नोंदवही ठेवण्याचे बंधन कारकुनांवर 1851 पासून आले, म्हणून वंशावळीत 'कतब्याची तारीख' असेच लिहावे, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद 2
वरील उत्तराला एक पुरवणी. परवान्याचा खर्च टाळायचा असेल, तर चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा करून घेण्याची वाट मोकळी होती, आणि अशा लग्नांचा कागद काउंटीच्या दप्तरात सहसा उमटतच नसे. त्यामुळे एखाद्या पूर्वजाचा कतबा मिळाला नाही, तर तो अविवाहित होता असे समजू नये.
गुलामगिरीतील जोडप्यांना तर यांतली एकही वाट खुली नव्हती, कारण त्यांचा विवाह कायदा मानतच नव्हता. 1866 च्या कायद्याने त्यांना कारकुनापुढे किंवा न्यायाधिकाऱ्यापुढे जाऊन, आपण किती वर्षे एकत्र नांदत आहोत हे सांगून, 25 सेंट भरून नोंद करता आली. वीस-वीस, तीस-तीस वर्षांच्या संसाराची ती एकेक ओळ वाचताना माझे डोळे भरून येतात. माझ्या मते काउंटीच्या साऱ्या दप्तरात याहून मोलाची वही नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचीही आभारी आहे. कागद पुन्हा पाहिला, तेव्हा जामीनदाराचे आडनाव वधूचेच निघाले.

प्रतिसाद 1
मग तो तिचा भाऊ किंवा वडील असण्याचा बराच संभव आहे. आता त्याच काउंटीत वडिलांचे मृत्युपत्र शोधावे. त्यात मुलीचा उल्लेख सासरच्या आडनावाने आला असेल, तर लग्न लागल्याचा पुरावा तुम्हाला तेथेच मिळेल.