मांजराला कोणती फळे द्यावीत?

मनीचे घर:
आमची मनी चार वर्षांची असून तिचे वजन सुमारे ४ किलो आहे. खरबूज कापायला घेतले की ती असेल तिथून धावत येते आणि फोड मिळेपर्यंत पायात घुटमळत राहते. आता आंब्याचे दिवस आहेत. शिवाय आम्ही तासगावजवळ राहत असल्यामुळे घरात बेदाणे बाराही महिने असतात. काय द्यावे आणि काय मुळीच देऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दोन बोके:
मनी गोडीसाठी येत नसावी. गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेले आहे, हे २००५ साली अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवले. तिला ओढतो तो बहुधा वास. ‘क’ जीवनसत्त्व मांजराचे शरीर स्वतःच तयार करते आणि आंब्यातील बीटा-कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणे त्याला जवळजवळ जमत नाही, त्यामुळे पोषणासाठी फळे देण्याचे कारण उरत नाही. हौस म्हणून खरबूज, कलिंगड किंवा सफरचंद यांचे साल आणि बिया काढलेले, नखाएवढे दोन-तीन तुकडे कधीतरी चालतील. आंब्याचा गर विषारी नाही, पण साल आणि कोय देऊ नये.

वाड्यातला:
आमचा बोका द्राक्षेही खातो. त्याला आजवर काही झालेले नाही.

पांढरी मिशी:
कृपया हा सल्ला कोणी मानू नये. द्राक्षे आणि बेदाण्यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मांजरांच्या बाबतीत नोंदी कमी असल्या, तरी अमुक इतके दाणे सुरक्षित असे कोणीही ठरवून दिलेले नाही. बेदाणे शिऱ्यातून आणि केकमधूनही पोटात जातात, हे विशेष लक्षात ठेवावे. सीताफळाच्या बिया, लिंबू-संत्र्याच्या साली आणि अॅव्होकॅडो हेही दूर ठेवावे. मांजराने बेदाणे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी करवू नये. मधुमेही मांजराला तर कोणतेही फळ विचारूनच द्यावे.

मनीचे घर:
आभारी आहे. बेदाण्यांची परात आतापर्यंत ओट्यावर उघडीच असे. ती आज घट्ट झाकणाच्या डब्यात रिकामी केली आहे. प्रसादाच्या शिऱ्याचे मात्र सासूबाईंना समजावून सांगावे लागेल, कारण मनीचा वाटा त्या आधी काढतात.