मेंढरांच्या सुईवरून धनगरावर खापर: जरा ऐका

माळावरचा:
काल इथं एकानं लिहिलं, 'बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-रायबागकडचे धनगर मेंढरांना वाट्टेल तशी इंजेक्शनं टोचतात, म्हणून आमच्या पोरांना अँटिबायोटिक लागू पडत नाही.' रात्रभर डोक्यातनं गेलं नाही, म्हणून लांबण लावतोय. माझा बाप अजून दोनशे बकरी घेऊन फिरतो. होय, त्याच्या पिशवीत भंडाऱ्याच्या पुडीशेजारी ऑक्सीची, म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची बाटली असते. सिरिंज चहाच्या आधणात बुचकळली की झाली स्वच्छ. चूक आहे, कळतंय की. पण वाघरीत, म्हणजे माळावरच्या जाळीच्या कुंपणात, मध्यरात्री बकरं पाय झाडायला लागलं तर डॉक्टर कुठनं आणायचा? आणि पोल्ट्रीचं नाव का घेत नाही कोण? कोलिस्टिन, माणसाला अगदी शेवटी देतात ते, कोंबड्यांच्या खाद्यातनं जात होतं. 2019 ला बंदी आली. ते काय धनगरानं आणलं होतं?

गुरांचा डॉक्टर:
कोंबडीवाला चोर म्हणून तुम्ही साव होत नाही. मेंढरांच्या निळ्या जिभेच्या रोगावर (ब्लूटंग) ऑक्सी मारताना मी डोळ्यांनी बघितलंय. तो विषाणू, ऑक्सीनं मरत नाही. बाकी आजारांत दोन दिवसांत बकरं उठलं की सुई बंद, आणि जे चिवट जंतू उरले तेच वाढतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं अँटिबायोटिक अंगात गेलं की त्यातल्या काहीचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. तेच माणसांनाही लिहून देतात. लेंडीतनं, पाण्यातनं, हातातनं जंतू घरात येतो आणि औषधाला न जुमानण्याची कला दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो.

खानापूरची सून:
दुधाचं पण बोला की. आमच्या म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुधाला विरजण लावलं. सकाळी बघते तर पाण्यासारखं पातळ. सासूबाई म्हणाल्या, विरजण जुनं झालं. विरजण कसलं जुनं, दुधात उतरलेल्या औषधानं विरजणाचे जंतूच मारले! आदल्या रात्री त्यातलंच कपभर लेकराला पाजलं होतं.

औषधवाला:
चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. मला शिव्या घालायच्या तर घाला.

सीमावासी:
लसीची नोटीस कन्नडमध्ये लावतात, धनगरानं वाचायची कशी? 15 टक्क्यांवर अल्पसंख्याक असले की त्यांच्या भाषेत कागद द्यायचा, असं ठरलेलं आहे.

हुक्केरीकर:
आला, सीमाप्रश्न आला! खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिकडं भांडा. बाटलीवर इंग्रजी असतं, ते कोण वाचतंय?

सीमावासी:
माझ्या आजीच्या पेन्शनचा कागद वाचणारा मिळेना म्हणून आठवडाभर देव्हाऱ्यात पडला होता. तुमचं काय जातंय बोलायला!

हुक्केरीकर:
मी पण मराठीच आहे. पोरं कन्नड शाळेत शिकली, काय बिघडलं?

सीमावासी:
हेच बिघडलं!!

खानापूरची सून:
बकरी कुठं गेली, भाऊ?

माळावरचा:
डॉक्टर, अर्ध्यात सुई बंद करायचं मान्य. गेल्या साली खूर कापताना बापाच्या पोटरीला विळा लागला. तीनदा गोळ्या बदलल्या, जखम भरेना. शेवटी पू तपासायला दिला. कागदावर निम्म्याहून जास्त औषधांपुढं 'आर', म्हणजे चालत नाही. तिथल्या डॉक्टरनं पहिलं काय विचारलं? 'घरी जनावरं आहेत काय?' तो कागद मी बापाला अजून दाखवलेला नाही.

गुरांचा डॉक्टर:
ते बकऱ्यांकडूनच आलं असं मीही छातीठोक सांगणार नाही. माणसांचे डॉक्टर सर्दीलाही अँटिबायोटिक लिहितात, हेही खरंच. वाडा कुठं आहे ते कळवा. पावसाआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन बकरं मरतं त्या रोगाची) लस देऊ, बऱ्याच सुया तिथंच वाचतील. पण ती बाटली माझ्यासमोर पिशवीतनं काढायची.

माळावरचा:
बाटलीचं तुम्हीच बापाला सांगा, माझं ऐकत नाही. कन्नडमध्ये बोललात तरी चालेल, बकऱ्यांनासुद्धा दोन्ही कळतं.

सीमावासी:
नोटीस मराठीत पाहिजेच.