'टेंडन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पुलांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. पूर्वप्रतिबलित (प्रीस्ट्रेस्ड) काँक्रीटमध्ये पोलादाऐवजी तंतुप्रबलित प्लास्टिकचे 'टेंडन', म्हणजे काँक्रीट दाबून धरण्यासाठी ताणून बसवलेल्या सळ्या किंवा दोर, वापरतात, असा विषय आहे. कोशात 'कंडरा' सापडला. चालेल?

प्रतिसाद १ : ताई, कंडरा नको. तो शरीरशास्त्रात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागासाठी रुळलाय. वाचणाऱ्याला आधी टाच आठवेल. साइटवर आम्ही सरळ 'केबल' म्हणतो. केबल ओवली, जॅक लावून ताणली, ग्राउट (पोकळी भरणारं पातळ मिश्रण) भरलं.

पण तुमच्या लेखात 'केबल' सगळीकडे बसणार नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला १९८६ साली झालेल्या पुलात काचतंतूंच्या सळ्यांच्या जुड्या ताणल्या होत्या. जपानच्या इशिकावा भागातल्या शिनमिया पुलात, १९८८ साली, कार्बन तंतूंचे पीळ दिलेले दोर होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजतं म्हणून. एक सळी, एक दोर. दोन्ही टेंडनच.

प्रतिसाद २ : मग 'ताणसळी' आणि 'ताणदोर' करा, आणि दोन्हींसाठी मिळून टेंडनच राहू द्या. 'ताणतंतू' मात्र टाळा. 'ताण' आणि 'तंतू' दोन्ही 'तन्' धातूचे, त्यामुळे कानाला गोड लागतो. पण इथे तंतू म्हणजे आतला काच-कार्बनचा धागा. धागा आणि सळी यांत घोटाळा होईल.

त्याहून मोठा घोटाळा 'प्रबलित' आणि 'प्रतिबलित'चा. प्रबलित म्हणजे मजबुती दिलेलं : प्लास्टिकला तंतूंनी, काँक्रीटला सळ्यांनी. पूर्वप्रतिबलित म्हणजे भार येण्याआधीच दाबून ठेवलेलं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवतो, थंड होताना ती आवळते आणि लाकूड घट्ट दाबलं जातं, तसं. 'ति' गळाली की अर्थच बदलतो. मुद्रितशोधन करताना हे शब्द दोनदा वाचा.

प्रश्नकर्ती : पटलं. ताणसळी, ताणदोर घेते. आणि ताणलेलं टोक सुटू नये म्हणून धरून ठेवणारा 'वेज'?

प्रतिसाद १ : पाचर! त्याला दुसरा शब्द शोधूच नका. फक्त तिथे एक वाक्य नीट लिहा. पाचरीचे दाते पोलादात रुततात आणि पकड बसते. फायबरची सळी लांबीच्या दिशेने दणकट, पण आडव्या दाबाला नाजूक. तेच दाते तिला चिरडतात. म्हणून तिची टोकं बऱ्याचदा नळीत घालून, भोवती रेझिन किंवा सिमेंटचं ग्राउट भरून धरतात. तिथे 'पाचर ठोकली' असं लिहू नका, 'टोक नळीत बसवलं' म्हणा.