बालकादंबरी खरी कधी वाटते?

प्रस्ताव (फोंडा, गोवा):
गावच्या वाचनालयासाठी मुलांची पुस्तके निवडण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे आणि वास्तववादी म्हणवणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्या मला शेवटच्या वीस-तीस पानांत खोट्या वाटू लागतात. तोवर घर खरे असते, गाव खरे असते. मग अकरा वर्षांचा नायक निवेदन घेऊन पंचायतीत जातो, अधिकारी विरघळतात आणि मोठ्यांना वर्षानुवर्षे न जमलेली गोष्ट एका सभेत होऊन जाते. कादंबरी खरी वाटते ती तपशिलांच्या अचूकपणामुळे नव्हे. मुलाला किती कळते आणि त्याच्या हातात किती असते, ही मर्यादा लेखकाने अखेरपर्यंत पाळली तरच ती खरी वाटते. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सांगे भागात कितीतरी दारांसमोर हप्त्यांवर घेतलेले खनिजाचे ट्रक उभे राहिले. त्या घरातल्या मुलाला न्यायालयाचा आदेश कळत नाही. बाबा दिवसा घरी असतात, हप्त्याचा विषय निघाला की आई उठून आत जाते आणि टायरांभोवती गवत वाढले आहे, एवढेच त्याला दिसते. कादंबरी एवढ्यावर उभी राहायला हवी.

प्रतिसाद (दिवाडी):
तपशिलाला आपण फार खालचे स्थान दिले आहे. खाजनशेतीवरच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवरच्या, एका बालकथेत नायक ऐन भरतीच्या वेळी दोर ओढून मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेचे, दार उघडतो आणि गावाचे शेत वाचवतो, असे मी वाचले. मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी ते बाहेर ढकलते. भरतीला दार उघडले तर खारे पाणी शेतात शिरेल आणि वाचवायचे तेच बुडेल. बांधावर वाढलेले मूल ते पान वाचताच पुस्तक मिटून ठेवते, आणि मग नायकाची भीती कितीही मनापासून लिहिली असली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिसाद (डिचोली, शिक्षिका):
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मुलाला कळत नाही, हे गृहीतच मला मान्य नाही. त्या दिवसांत माझ्या वर्गातली मुले ‘बंदी’ आणि ‘हप्ता’ हे शब्द मोठ्यांइतक्याच सहजपणे वापरत होती, आणि एका मुलीने सहलीचे पैसे घरी मागितलेच नाहीत. तो तिचा निर्णय होता. मुलाला नुसते पाहणारे ठेवले, तर तेही तितकेच खोटे होते.

भाषेचाही प्रश्न आहे. आमची बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. अशा घरातली आई पुस्तकात पुणेरी मराठीत रागावली की मुले हसतात. सगळे संवाद कोंकणीत असावेत असे मी म्हणत नाही, पण ‘आवय’ (आई) किंवा ‘चवथ’ (गणेशचतुर्थी) यांसारखा शब्द जागच्या जागी राहू दिला तर घर ओळखीचे होते.

प्रतिसाद (पेडणे):
भाषेबाबत मी असहमत आहे. ‘श्यामची आई’ मधले घर रत्नागिरीकडचे असूनही आमच्या मुलांना परके वाटत नाही. पोहायला भिणाऱ्या श्यामला तीच प्रेमळ आई मारून विहिरीवर पाठवते, आणि माझ्या मते सारे पुस्तक त्या मारामुळे खरे ठरते. बोलीतले चार शब्द पेरूनही मोठी माणसे निव्वळ चांगली किंवा निव्वळ वाईट राहिली, तर मुलांना ती पटत नाहीत.

प्रस्तावकाचे उत्तर:
मानशीच्या उदाहरणाने मी निरुत्तर झालो आहे. तपशिलाविषयीचे माझे विधान मागे घेतो. सहलीचे पैसे न मागणारी मुलगी मात्र माझ्याच बाजूची साक्षीदार आहे असे मला वाटते, कारण तिने जे केले ते तिच्या हातात होते आणि त्यामुळे ट्रक चालू झाला नाही. एखाद्या लेखकाने तिच्यावर कादंबरी लिहावी आणि बाकीची मुले सहलीहून परततात त्या संध्याकाळी ती फाटकापाशी उभी असते की घरात बसून राहते, हे पान टाळू नये.

शिक्षिकेचे उत्तर:
ती फाटकापाशी आली होती. मैत्रिणीने तिच्यासाठी शिंपले आणले होते.